नंतर पाठवा

"अहो, गेलं! सगळं गेलं!"

मालन एवढ्या जोरानं ओरडली की शेजारच्या बाई खिडकीत आल्या. मी संगणकासमोर बसलो होतो. ती माझ्या मागं खुर्चीची पाठ धरून उभी होती. पडद्यावर आता काहीच नव्हतं, नुसता निळा रंग आणि कडेला चार चित्रं.

"थांब, येईल परत," मी म्हणालो.

"कुठनं येईल? पाच दिवस लिहीत होते मी."

"साठवलं नव्हतंस?"

"तुम्ही म्हणालात उठ जरा, दोन मिनिटं. मी उठले. साठवायला वेळ कुठं दिलात?"

खरं होतं. तो मंगळवार होता, दिवाळी होऊन तीनच दिवस झाले होते. आमच्या पाणीपुरवठ्यातल्या एका साहेबाच्या बदलीची बातमी पेपरात आलीय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मला घाई झाली होती. मी मालनला उठवलं, फोनची लाइन जोडली आणि पेपरचं पान उघडलं. पान अर्धं आलं आणि अडकलं. माउस हलेना. शेवटी मी ते जबरदस्तीनं बंद केलं, तर त्याच्याबरोबर मालनचं पत्रही बंद झालं.

तेव्हा आमच्याकडं जे सॉफ्टवेअर होतं त्यात सगळं एकत्र होतं. इंटरनेटची पानं त्यातच बघायची, ई-मेल त्यातच लिहायचं, लोकांचे पत्तेही त्यातच. एक अडकलं की सगळं अडकायचं.

मालन स्वयंपाकघरात गेली. मी पाठोपाठ गेलो. ती चकल्यांच्या डब्याचं झाकण लावत होती आणि ते बसत नव्हतं.

"परत लिही," मी म्हणालो. "मी सांगतो, तू फक्त बोटं चालव."

"तुम्ही सांगायचं नाही हेच तर वैजूचं म्हणणं आहे."

तेही खरं होतं.

वैजयंता आमची एकुलती मुलगी. मिरजेतच नर्सिंग शिकली आणि आयर्लंडला नोकरीला गेली. तिथं तिनं जॉबी नावाच्या केरळच्या मुलाशी लग्न केलं. आम्हाला कळलं ते फोटो आल्यावर. मुलगा ख्रिश्चन आहे याचं मालनला फार वाटलं नाही. मिशनच्या दवाखान्यामुळं मिरजेत राहणाऱ्या माणसाला त्याचं नवल नसतं. पण आपल्याला न सांगता केलं हे तिला लागलं. फोनवर ती वैजूला म्हणाली, "माझ्या तिरडीलाही येऊ नकोस." आणि रिसीव्हर ठेवला. त्यानंतर दोन वर्षं मायलेकी बोलल्या नाहीत.

मधे एकदा मी शहाणपणा केला. वैजूला लिहिलं, आईचा राग गेलाय, फोन कर. तिनं बिचारीनं केला. मालननं आवाज ओळखला आणि काही न बोलता फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून वैजूचा माझ्यावरचाही विश्वास उडाला.

आणि मग त्या ऑक्टोबरात तिचं ई-मेल आलं. तिला सहावा महिना लागला होता. तिनं लिहिलं होतं, 'आई, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असं तूच म्हणायचीस. तू बोलावलंस तर येते. वीस नोव्हेंबरपर्यंतच विमानात बसायला डॉक्टरांची परवानगी आहे, त्यानंतर नाही. पण तू स्वतः लिहायचं. बाबांच्या हातचं नको.'

मी ते मालनला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मला ते यंत्र शिकवा."

"त्यापेक्षा फोन लाव की सरळ."

"फोनवर मला रडू येईल. रडताना मी वाईट बोलते. माहीत आहे ना तुम्हाला?"

मालन सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला येत होती, पण ओळखीपुरती. मी एका पुठ्ठ्यावर कोणत्या अक्षरासाठी काय दाबायचं ते लिहून दिलं. खाली कोपऱ्यात पाकिटाचं छोटं चित्र होतं, त्यावर दाबलं की पत्र लिहायची खिडकी उघडायची. ते पाकीट तिनं पक्कं लक्षात ठेवलं. दुपारी भांडी झाली की ती पदराला हात पुसून बसायची आणि उजव्या हाताच्या एका बोटानं लिहायची. मी जवळ गेलो की पडद्यावर हात धरायची. पत्र पुरं होईपर्यंत संगणक बंदही करू द्यायची नाही.

"काय लिहिलंस एवढं?"

"तुमचं काय काम? जावा तिकडं."

ते पाच दिवसांचं लिहिलेलं माझ्या दोन मिनिटांत गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मुजावरकडं गेलो. स्टेशनरोडला त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. आमचा संगणक त्यानंच बसवून दिलेला. वयानं माझ्या निम्मा, पण संगणकाच्या बाबतीत मी त्याला गुरू मानत होतो. अर्थात त्याच्याशी भांडतही होतो.

"मुजावर, तुझं ते एकत्र कुटुंब मला नको. एक आजारी पडला की सगळं घर झोपतं."

"काका, एका छपराखाली सगळं आहे तर तुम्हाला काय त्रास? पान बघताना पत्ता दिसला की तिथंच पत्र लिहिता येतंय."

"आणि पान मेलं की पत्रही मरतंय. काल मेलं."

"कुणाचं?"

"तुझ्या काकूचं."

त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. वैजूचं त्याला ठाऊक होतं. वैजू त्याच्या बहिणीच्या वर्गात होती.

मी म्हणालो, "मी पंपवाला माणूस आहे. बत्तीस वर्षं पंपहाऊसला काढली. दोन पंपांना एक स्टार्टर कधी ठेवला नाही. ज्याचं त्याचं वेगळं. एक बंद पडला तर गावाला दुसऱ्यानं पाणी द्यायचं."

"तशी वेगळी पण आलीत आता. पानं बघायचं वेगळं, मेलचं वेगळं. हलकी आहेत. सीडी देतो." त्यानं खणातून सीडी काढली. "आम्हाला मात्र एकत्रच बरं वाटतं बघा. आमच्या घरात अठरा माणसं आहेत."

"म्हणून तर तू दिवसभर क्लासमध्ये बसतोस."

तो हसला. मी उठलो तेव्हा त्यानं सीडीवर बोट ठेवलं. "काका, एक ऐका. नवीन घाला, पण जुनं महिनाभर तसंच राहू द्या. लगेच काढू नका."

"दोन पंप एका लाइनीवर ठेवले की पाणी उलटं येतं," मी म्हणालो.

"हे पंप नव्हेत ओ."

"सगळं तेच असतंय," मी म्हणालो आणि निघालो.

शुक्रवारी मी पेन्शनरांच्या बैठकीला गेलो होतो. संध्याकाळी घरी आलो तर मालन दारातच उभी. केस विंचरलेले, साडी बदललेली.

"पाठवलं," ती म्हणाली.

"काय पाठवलं?"

"पत्र. दुपारी परत लिहून काढलं. पाठवायचं बटण दाबलं आणि ते गेलं. पडद्यावरनं गेलं."

"एकटीनं?"

"मग काय मुजावरला बोलवायचं होतं?"

मला इतका आनंद झाला की मी तिच्या डोक्यावर टपली मारली. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, असं मी कधी केलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, शेजारी बघतील," आणि आत जाऊन चहा ठेवला. त्या संध्याकाळी तिनं माळ्यावरचा पाळणा मला काढायला लावला. त्याच्या दोऱ्या कुजल्या होत्या. जुनी मऊ लुगडी काढून दुपटी शिवायची म्हणून तिनं वेगळी ठेवली.

रविवारी सकाळी मी सीडी घातली. नवीन दोन्ही बसवली. मेलच्या प्रोग्रॅमनं विचारलं, जुनी पत्रं आणायची का? मी हो म्हटलं. आलेल्या पत्रांचा आकडा मी आधीच कागदावर लिहून घेतला होता, दोनशे चौदा. नवीनमध्येही दोनशे चौदा निघाली. पंपहाऊसला रीडिंग जुळलं की आम्ही सही करायचो. तसं मी मनात सही केली आणि जुनं काढून टाकलं.

मग मालनला बोलावलं.

"माझं पाकीट कुठंय?" तिनं पहिलं हे विचारलं.

"आता हे नवीन चित्र. यावर दाबायचं. आता पेपर अडकला तरी तुझ्या पत्राला काही होणार नाही."

तिनं चित्राकडं बघितलं. तिला ते आवडलं नाही. "मला जुनं येत होतं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "माझं पाठवलेलं दाखवा. यात असेल ना?"

मी पाठवलेल्या पत्रांचा खण उघडला. माझी नऊ होती. तिचं नव्हतं.

"तुझं नाही आलेलं इकडं. जुन्यातनं आणताना राहिलं असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. गेलेल्या पत्राची नक्कल ती. पत्र तिला पोचलंच असणार. पोस्टात टाकलेलं पत्र परत बघायला मिळतं का?"

"नाही मिळत," ती म्हणाली.

तिचं समाधान झालं. माझंही झालं.

मी लाइन जोडली. वैजूचं काही आलं नव्हतं. मी म्हणालो, तिची ड्यूटी असते, दोन दिवस लागतील. एरवी आम्ही फक्त रविवारी लाइन जोडायचो. आठवडाभर ज्याला लिहायचं त्यानं लिहून ठेवायचं आणि रविवारी सगळं एकदम जायचं, यायचं. कारण लाइन जोडली की घरचा फोन बंद पडायचा. पण त्या महिन्यात मी रोज जोडली. मोडेम किरकिर करायला लागलं की मालन स्वयंपाकघरातून यायची, हातात लाटणं असलं तर तशीच.

"आलं का?"

"नाही."

ती परत जायची.

सात-आठ दिवसांनी मी म्हणालो, "अजून एक लिही."

"का?"

"आठवण म्हणून."

"एकदा बोलावलं. दोनदा बोलवायला ती काय परकी आहे?" मग म्हणाली, "विचार करत असेल. मी दोन वर्षं लावली, तिला पंधरा दिवस नकोत?"

तिनं चार दुपटी शिवली. अळीव, डिंक आणून डब्यात भरला. पाळण्याच्या दोऱ्या नवीन घातल्या. पंधरा तारीख झाली. मग अठरा झाली. मी म्हणालो, मी लिहू का? तर म्हणाली, "तुम्ही लिहिलंत तर मी जेवणार नाही." ती शब्दाची पक्की होती. मी लिहिलं नाही.

वीस तारखेला तिनं विचारलं नाही. मी लाइन जोडली, मोडेम वाजलं, ती आली नाही. मी आत गेलो तर ती दुपट्यांच्या घड्या पेटीत ठेवत होती.

"बरोबर केलं तिनं," ती म्हणाली. "मीच म्हणाले होते ना, तिरडीला येऊ नकोस. तिनं ऐकलं."

"अगं, तिच्या डॉक्टरनं नको म्हटलं असेल."

"नाही म्हणून तर कळवायचं होतं. नाही म्हणायला किती अक्षरं लागतात? मी एका बोटानं लिहिलं."

मालनच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून खराब होती. डॉक्टर दर वर्षी सांगायचे, जपा. त्या हिवाळ्यात तिला जिना चढवेना. जानेवारीत जॉबीचं दोन ओळींचं मेल आलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. सोबत फोटो होता. तेव्हा फोटो पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरायचा. मालन स्टुलावर बसून बघत होती. आधी टोपी आली, मग कपाळ आलं, मग डोळे आले.

"कपाळ तुमचं आहे," ती म्हणाली.

आणि लाइन तुटली. मी परत जोडायला लागलो तर म्हणाली, "राहू द्या. एवढं पुरे."

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला ती गेली. दवाखान्यात दोन दिवस होती. शेवटी शुद्धीवर असताना माझ्याशी बोलली ती पाण्याच्या टाकीचं. टाकी भरली का, कॉक बंद केला का. वैजूचं नाव घेतलं नाही. वैजूला मी फोन केला. बाळ महिन्याचंही नव्हतं, त्याचा पासपोर्ट नव्हता. फोनवर आधी नुसता तिचा श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "मी तसंही यायचं नव्हतंच ना, बाबा. तिनंच सांगितलं होतं."

मार्चमध्ये मी मुजावरला घरी बोलावलं. मला मालनचं ते पत्र हवं होतं. घरात तिच्या हातचं लिहिलेलं काही नव्हतं, वाण्याच्या याद्या सोडल्या तर. आयुष्यात तिनं एकच ई-मेल लिहिलं होतं. त्याची नक्कल कुठंतरी असेल असं वाटलं.

"मी जुनं काढून टाकलंय," मी आधीच कबूल केलं.

"लगेच काढलंत?"

"त्याच दिवशी."

तो खुर्ची ओढून बसला. "काढलं तरी पत्रांचं फोल्डर ते मागं ठेवून जातं बघा. असेल." त्यानं बरंच शोधलं. मग एक फोल्डर सापडलं. त्यात आलेल्या पत्रांची एक फाइल, पाठवलेल्या पत्रांची एक, अशा वेगवेगळ्या फाइली होत्या. पाठवलेल्यांची त्यानं उघडली. माझी नऊच होती.

"यात नाही काका."

"नीट बघ. तिनं माझ्यासमोर सांगितलं, पाठवलं म्हणून."

त्यानं शेजारची फाइल उघडली आणि वाचायला लागला. मग त्यानं हात माउसवरून काढून मांडीवर ठेवला.

"काकूंनी लिहिलं तेव्हा लाइन जोडलेली होती का?"

"मी घरी नव्हतो. तिला लाइन जोडता येत नव्हती."

"लाइन नसली की हे पत्र पाठवत नाही, काका. जायच्या पत्रांचा वेगळा खण असतो, त्यात ठेवतंय. बटणावर पण मग 'नंतर पाठवा' असं येतंय, इंग्रजीत. काकूंना काय कळणार? लाइन जोडली की मग ते जातंय." तो माझ्याकडं बघत नव्हता. "हे गेलेलंच नाही. त्या खणातच राहिलं. नवीन प्रोग्रॅम बाकीची पत्रं घेतो, हा खण घेत नाही."

मला हे सगळं माहीत होतं. तेच मला सांगायचं आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय मीच लावली होती. माझी स्वतःची नऊ पत्रंही त्याच खणात बसून, रविवारची वाट बघूनच गेली होती. मालन म्हणाली पाठवलं, आणि लाइनशिवाय ते कसं गेलं हे मी, बत्तीस वर्षं लाइनींवर काम केलेला माणूस, विचारलं नाही. रविवारी सकाळी आधी नुसती लाइन जोडली असती, तर जुन्यानं ते पत्र आपोआप पाठवलं असतं. मी आधी सीडी घातली.

"आता पाठवता येईल?" मी मुजावरला विचारलं.

"येईल," तो म्हणाला. पण त्यानं हात उचलला नाही आणि मीही पुन्हा म्हणालो नाही. त्यानं ते मला छापून आणून दिलं.

वैजू मेमध्ये आली, बाळाला घेऊन. जॉबीला रजा मिळाली नव्हती. तिनं मालनच्या फोटोला हार घातला आणि खाली बसली. बाळाचं कपाळ खरंच माझ्यासारखं होतं. चहा झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी नोव्हेंबरात खूप वाट बघितली. आईनं शेवटपर्यंत बोलावलं नाही मला."

कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. दोन महिने होता. देऊ नये असं मी ठरवलं होतं, आणि ती हे म्हणाल्यावर मी दिला.

मालननं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. वर तारीख होती, शुक्रवार, एकतीस ऑक्टोबर, दुपारी तीन बेचाळीस. खाली एवढंच:

'वैजू ये. तिरडीचं बोलले ते माघारी घेते. आधी मोठं लिहिलं होतं, ते पुसलं गेलं. त्यात माफीचं पण होतं. ते परत तसं जमत नाही. ये. जॉबीला पण आण. त्याला आपलं तिखट चालतं का ते कळव, नाहीतर त्याचं वेगळं करते. हे मीच लिहिते, तुझे बाबा घरात नाहीत. आई.'

वैजूनं दोनदा वाचलं. "एकतीस ऑक्टोबर," ती म्हणाली. "मग मला का नाही मिळालं?"

मी सगळं सांगितलं. सीडीचं सांगितलं, रविवारचं सांगितलं, मुजावर काय म्हणाला होता ते सांगितलं. मालननं पाठवलेलं पत्र दाखवा म्हटलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. बाळ तिच्या मांडीवरून कागदाला हात घालत होतं. तिनं कागद वर धरला.

"गेलं नाही हे आईला कळलं होतं?"

"नाही."

"कधीच?"

"नाही."

"म्हणजे तिला वाटलं, मी..."

"हो."

तिनं बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मला वाटलं ती मला काहीतरी म्हणेल. म्हणावं अशी माझी इच्छा होती.

"सोळा तारखेचं तिकीट काढून ठेवलं होतं मी," ती म्हणाली. "बॅग भरली होती. रोज ड्यूटीवरून आले की कोट न काढता आधी मेल बघायचे."

मग तिनं कागदाची घडी घातली, परत उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"त्याला तिखट चालतं," वैजू म्हणाली. "आपल्यापेक्षा जास्त लागतं."

हे ती मला सांगत नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून सांगत होती.